ग्रामसभेला तरुण पोरं का येत नाहीत? (आणि यावं तरी कशासाठी?)

गावकूस (धागाकर्ता):

१ मेला झेंडावंदनानंतर आमच्या गावची ग्रामसभा होती. माझी आयुष्यातली पहिली. वय २४, मतदार यादीत नाव येऊन सहा वर्षं झाली, पण ग्रामसभा म्हणजे म्हाताऱ्यांची भांडणं एवढंच डोक्यात होतं. यंदा नोकरी सुटल्यामुळे गावातच होतो, म्हटलं जाऊन बघू.

गावाचे मतदार साधारण सव्वीसशे. शाळेच्या व्हरांड्यात मोजून तेवीस डोकी. त्यात पंचायतीचे सात सदस्य, शिपाई, दोन आशाताई आणि झेंडावंदनाचा खाऊ परत वाटतील या आशेवर थांबलेली दोन पोरं (ती मतदार नाहीत, पण मी मोजली). बारा मिनिटांत सगळे विषय 'मंजूर, मंजूर' करत संपले. मी हात वर करून विचारलं, अभ्यासिकेचं काय झालं? सरपंच माणूस चांगला आहे, घरोब्याचा आहे. म्हणाले, "अरे, तू कधी आलास? बस, चहा घे." चहा घेतला. प्रश्न राहिला.

खरी गंमत दुपारी. शिपाईमामा हजेरीची वही घेऊन दारात हजर. ओट्यावर आजी बसली होती, तिचा अंगठा घेतला. आईची सही घेतली. वही माझ्याकडे सरकवली तर माझी सही आधीच होती. "तू खरंच आलता व्हय," म्हणाले. वहीत तोवर ९४ नावं झाली होती.

तेव्हापासून दोन प्रश्न सतावतायत. एक, ही स्थानिक स्वराज्य संस्था म्हणतात ती नेमकी कशासाठी आहे? गटार-दिव्यांसाठी असेल तर एखादा चांगला अधिकारी नेमला तरी भागेल, निवडणुका कशाला? आणि दोन, माझ्या वयाच्या पोरांनी त्यात पडावं का? आमच्या सरपंचांची मुदत पुढच्या वर्षाच्या शेवटी संपतेय. मित्र म्हणतात उभा राहा. घरचे म्हणतात आधी नोकरी बघ.

काडीपेटी:

तरुणांचा सहभाग आमच्याकडे दणदणीत आहे. सतरंज्या तेच टाकतात, तेच उचलतात. मधल्या वेळेत फ्लेक्सवर खालच्या रांगेत गोल फोटोत दिसतात.

तिसरा_मजला:

सभा बारा मिनिटांत संपली? आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा पार्किंगवरून साडेचार तास चालते. तुम्ही नशीबवान आहात.

आबा_६५:

धागाकर्त्यांनी प्रश्न उगाच अवघड केला आहे. स्थानिक संस्थेचे काम पाणी, रस्ता, गटार, दिवा आणि स्मशानभूमी. ते नीट झाले की पुरे. बाकी स्वराज्य वगैरे शब्द भाषणांना ठीक. तरुणांनी आधी पायावर उभे राहावे, संसार मांडावा, मग गावाचा कारभार बघावा. ज्याने स्वतःचे वीजबिल भरलेले नाही तो गावाचे पथदिव्यांचे बिल काय भरणार?

काडीपेटी:

आबा, ज्यांनी स्वतःची बिलं वेळेवर भरली त्यांनीही पथदिव्यांची थकवलीच आहेत की.

दप्तरी:

एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काढली, आता निवृत्त आहे. (हल्ली या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, २०२४ ला नाव बदललं. पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे अजून ग्रामसेवकच चालतं.) त्यामुळे त्या वहीबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे, आणि थोडी लाजही आहे.

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी असेल तो आकडा. तुमच्या गावाला १००. म्हणून वही ९४ वर थांबली नसणार, शंभरी ओलांडूनच ती कपाटात गेली असणार. यात शिपायाचा दोष नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या, नाही घेतल्या तर सरपंचाच्या पदावर गदा येते, ग्रामसेवकाची खातेचौकशी लागते. लोक तर येत नाहीत. मग वही फिरते. खरं म्हणजे तिची गरजही नसते, कारण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. पण तहकुबी लिहिली की वरून विचारणा होते, 'तुमच्याच गावात का?' त्यापेक्षा वही बरी वाटते.

आता तुमच्या पोरांसाठी कामाची गोष्ट. सभेत उठून विचारलेला प्रश्न हवेत जातो. तोच विषय सभेआधी लेखी द्या आणि पोच घ्या. नोटीस सात दिवस आधी निघते, त्याच्याही आधी द्या. कागदावर आवक क्रमांक पडला की त्याला कुणी चहा पाजत नाही.

निळी_शाई:

'कागदाला कुणी चहा पाजत नाही' हे लिहून ठेवतेय.

मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून थोडं पुस्तकी. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू, शहरांसाठीची ७४ वी १ जून १९९३ पासून. पंचायतींसाठी अकराव्या परिशिष्टात २९ विषय, शहरांसाठी बाराव्यात १८. आबा म्हणतात ती पाणी-रस्ता-दिव्याची यादी त्यात आहेच, पण प्राथमिक शिक्षण, वाचनालयं, सामाजिक वनीकरण, दारिद्र्य निर्मूलनही आहे. म्हणजे धागाकर्त्याची अभ्यासिका सरळ सरळ पंचायतीच्या विषयात बसते, कुणाच्या मेहरबानीचा प्रश्न नाही.

आणि वयाचं म्हणाल तर आमदार-खासदार व्हायला २५ लागतात, पंचायतीला २१ पुरतात. घटनाकारांनंतरच्या लोकांनी ही चार वर्षांची सवलत मुद्दाम ठेवली असेल ना? केरळात तिरुवनंतपुरमच्या महापौर आर्या राजेंद्रन डिसेंबर २०२० मध्ये झाल्या तेव्हा २१ वर्षांच्या होत्या.

दप्तरी:

@निळी_शाई, बरोबर. त्यात एक गंमत घाला. आपल्याकडे १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचं तर सातवी पास लागते. त्याआधी जन्मलेल्याला काहीच लागत नाही. तरुणांना सवलत आणि तरुणांनाच अट.

तिसरा_मजला:

तुम्ही गाववाले निदान वर्षातून चारदा एकमेकांची तोंडं बघता. शहरात काय आहे? मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि तेव्हापासून प्रशासक. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं घटना सांगते, पण आरक्षण, प्रभागरचना, तारीख पे तारीख करत मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. त्याआधीचं फेब्रुवारी २०१७ चं. माझा मुलगा तेव्हा १७ वर्षांचा होता, एका वर्षाने हुकला. त्याने महापालिकेसाठी पहिलं मत दिलं तेव्हा सव्विसावं लागलेलं. मधल्या काळात दोनदा लोकसभा, दोनदा विधानसभा करून झाली. त्याला नगरसेवक म्हणजे काय हे सांगताना मला ट्राम म्हणजे काय हे सांगितल्यासारखं वाटत होतं.

आणि खरं सांगू? पहिले सहा महिने मला प्रशासक बरा वाटला. फ्लेक्स कमी, टक्केवारीच्या कथा कमी. मग आमच्या गल्लीत ड्रेनेजचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळायला लागलं. आधी अशा वेळी नगरसेवकाच्या दारात जाऊन बसायचो, तो वैतागायचा, पण पाइपलाइनवाला माणूस यायचा. आता अॅपवर तक्रार. चौथ्या दिवशी 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज. नळाला अजून तोच वास. भांडायला समोर माणूस लागतो, हे तेव्हा कळलं. धागाकर्त्याच्या 'चांगला अधिकारी नेमला तरी भागेल'ला माझं उत्तर हे.

काडीपेटी:

आता चार नगरसेवकांचा प्रभाग मिळालाय ना? मग चौघांच्या दारात जाऊन बसा. चौघंही 'तो भाग माझ्याकडे येत नाही' म्हणतील.

तिसरा_मजला:

म्हणालेत. तिघं. चौथ्याचा फोन लागत नाही.

अनुस्वार:

महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे 'कशासाठी' या शब्दावर थांबतो. भारतात हा प्रश्न १८८२ पासूनचा आहे. लॉर्ड रिपनने त्या वर्षी मे महिन्यात स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, त्यात त्याने चक्क लिहिलं होतं की याने कारभार लगेच सुधारेल म्हणून हे करत नाही, लोकांचं राजकीय शिक्षण व्हावं म्हणून करतो. साहेबाच्या हेतूंवर शंका जरूर घ्या, पण मुद्दा टिकाऊ आहे. दिवा अधिकारीही लावेल. दिवा आधी कुठल्या वस्तीत लावायचा हे भांडून ठरवायची सवय अधिकारी लावू शकत नाही.

आता तरुणांना ती सवय लागायची जागा कुठली? माझ्या पिढीला कॉलेजच्या निवडणुका होत्या. हाणामाऱ्या होत होत्या, एक-दोन प्रकरणं फार वाईट झाली, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका गेल्या. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणायची सोय केली, पण अजून झालेल्या नाहीत. म्हणजे आज विशीतल्या मुलाने स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधीसुद्धा मत देऊन निवडलेला नाही, गुणपत्रिका बघून नेमलेला पाहिलाय. आणि आपण त्याला विचारतो, ग्रामसभेत का बोलत नाहीस?

आबा_६५:

सर, त्या निवडणुकांत आमच्या वर्गातल्या एकाचा डोळा गेला. मी ते विसरलेलो नाही.

अनुस्वार:

मान्य आहे, आबा. मीही रम्य आठवणी म्हणून सांगत नाही. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही डोकी फुटतात, म्हणून पंचायत बंद केली नाही आपण.

रानवाट:

आबांच्या 'स्वराज्य वगैरे भाषणांना ठीक'साठी गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांचीच घोषणा. धानोरा तालुक्यातलं पाचेकशे वस्तीचं गोंड गाव. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला, २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. हे सगळं ग्रामसभेने केलं, आणि तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाची हरकत असली तरी विषय पुढच्या सभेला.

मी कामानिमित्त त्या भागात राहिलोय. लोकांना त्यांचा बांबू आठवतो, मला त्यांचा अभ्यासगट आठवतो. निर्णय ग्रामसभेत, पण त्याआधी त्या विषयाचा कायदा, हिशेब, नकाशा घेऊन काही जण बसतात, बाहेरचा माणूस बोलावतात, वाचतात, आणि समजलेलं ग्रामसभेला सांगतात. अभ्यासगट ठरवत नाही, फक्त समजून घेतो. तरुणांसाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. पद नको, पैसा नको, उभं राहायची घाई नको.

काडीपेटी:

आता कुणीतरी हिवरे बाजार म्हणा म्हणजे माझं बिंगो कार्ड पूर्ण.

ओसरी:

हिवरे बाजार. घ्या.

पण म्हणायला कारण आहे. पोपटराव पवार एम.कॉम. होऊन गावी आले आणि गावातल्या तरुणांनीच त्यांना १९८९ मध्ये पुढे केलं, हे विसरून आपण नुसते पाण्याचे ताळेबंद सांगत बसतो. पुढे ऊस नको, शेतीसाठी बोअर नको असे कठोर नियम गावाने पाळले, ते त्या पोरांनी आधी स्वतःच्या घरात भांडणं ओढवून घेतली म्हणून.

आता माझं. मी राखीव जागेवरून सरपंच झाले तेव्हा २७ वर्षांची होते. ५० टक्के महिला आरक्षण २०११ ला आलं, त्याच्या पुढच्याच निवडणुकीत. खरं तर उभं राहायचं दिरांच्या मनात होतं, आरक्षण पडलं म्हणून मी. प्रचाराच्या पत्रकावर माझ्या नावापेक्षा त्यांचं नाव मोठं होतं.

पहिल्या मासिक सभेचं इतिवृत्त सहीला घरी आलं. ग्रामसेवक म्हणाले, ताई, इथे, इथे आणि इथे. मी म्हटलं, वाचून देते. दहावीनंतर मी लग्नपत्रिका सोडून काही वाचलं नव्हतं हो! 'उक्त विषयास अनुसरून' या तीन शब्दांवर मी अर्धा तास बसले. मुलीची शाळेची डिक्शनरी काढली. वही तीन दिवस माझ्याकडे राहिली, आणि गावात बातमी, 'सरपंचबाईंनी दप्तर जप्त केलं'. दीर चिडले, ग्रामसेवक घाबरले, आणि त्यानंतर मात्र सगळे कागद आधी माझ्याकडे यायला लागले. एकही शब्द न बोलता दरारा. पाच वर्षांत रस्ते फार केले नाहीत, खोटं कशाला सांगू, पण वाचल्याशिवाय एक सही केली नाही.

निळी_शाई:

ओसरीताई, या प्रतिसादावर वेगळा धागा काढा, प्लीज.

दप्तरी:

मी त्या ग्रामसेवकाच्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो. आणि मनातून बरं वाटलं असतं.

निळी_शाई:

मघाशी पुस्तकी लिहिलं, आता घरचं लिहिते. इथे गाव, सहमती, स्वराज्य सगळं छान चाललंय. पण ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हटलं होतं. घटना गावावर नाही तर व्यक्तीवर उभी केली याचं त्यांना समाधान होतं.

माझे वडील दरवर्षी ग्रामसभेला जातात. इस्त्रीचा सदरा घालून. आणि व्हरांड्यात खुर्च्या रिकाम्या असल्या तरी खाली पायऱ्यांपाशी उभे राहतात. कुणी 'बसू नका' म्हणत नाही. 'बसा' पण म्हणत नाही. मी बारावीत असताना एकदा सोबत गेले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. काही झालं नाही. कुणी काही बोललं नाही. घरी येताना बाबा फक्त म्हणाले, "कमरेत लई दुखत हुतं आज, बसलो असतो तर बरं झालं असतं." पुढच्या सभेला ते बसले. शेवटच्या खुर्चीवर, पण बसले.

म्हणून रानवाट, सर्वसहमती ऐकली की मी सावध होते. गप्प बसलेल्याची सहमती धरायची का, हा माझा प्रश्न आहे. मेंढ्यात जमलं असेल, तिथे सगळे एका समाजाचे आहेत. आमच्या गावात सात आडनावं आणि तीन पाणवठे आहेत.

रानवाट:

मान्य. मेंढ्याचं प्रारूप उचलून कुठेही लावता येत नाही हे मी आधीच लिहायला हवं होतं. अभ्यासगट तेवढा लावता येईल असं अजून वाटतं.

आबा_६५:

@निळी_शाई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. माझ्या गावच्या सभेत पायऱ्यांपाशी कोण उभे राहते हे मी आठवू पाहिले. आठवले. इतकी वर्षे मला वाटत होते ते लवकर निघायचे म्हणून दारापाशी थांबतात.

काडीपेटी:

(यावर काही विनोद नाही.)

तिसरा_मजला:

विषय थोडा हलका करतो. सहभागाचा शहरी प्रकार म्हणजे सहभागी अंदाजपत्रक. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेने १९८९ ला सुरू केलं, पुण्यात २००६ पासून आहे. नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची. माझं शहर वेगळं, पण आमच्याकडेही एकदा तसा प्रयोग झाला. मी बस थांब्यापाशी बाक सुचवला. दीड वर्षाने खरंच आला! त्यावर रंगवलं होतं, 'यांच्या संकल्पनेतून', आणि खाली भलत्याचंच नाव. मुलगा म्हणाला, बाबा, तुमची संकल्पना चोरली. मी म्हटलं, बसायला तर मिळतंय.

गावकूस (धागाकर्ता):

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. इथलं वाचून काय काय झालं ते सांगतो.

दप्तरीकाकांचं ऐकून आधी पंचायतीत जाऊन विकास आराखडा मागितला. 'आमचं गाव, आमचा विकास' असं छान मुखपृष्ठ आहे. ई-ग्रामस्वराजच्या पोर्टलवरही बघितलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, ४० टक्के मोकळा, हे मला पहिल्यांदा कळलं. मार्चला संपलेल्या वर्षात त्या मोकळ्या भागातून 'युवकांसाठी व्यायाम साहित्य' घेतलेलं दिसतंय. साहित्य कुठे आहे? गोदामात, प्लास्टिकसकट. चौथरा नाही म्हणून बसवलं नाही. चौथरा का नाही? तो आराखड्यात नव्हता.

मग रानवाट म्हणाले तसा अभ्यासगट जमवायचा म्हणून मित्रांना बोलावलं. देवळाच्या मंडपात चौदा जण आले. मला वाटलं अभ्यासिकेवर सगळे एका पायावर तयार असतील, जुनं समाजमंदिर कुलूप लावून पडलंय, तेच मागायचं. कसलं काय! पोलीस भरतीवाले म्हणाले, अभ्यासिका नको, सोळाशे मीटर पळायला मैदान सपाट करून द्या. एमपीएससीवाले म्हणाले, मैदान नांगरटीनंतर शेतातही मिळतं. रात्री अकरापर्यंत भांडलो. दोन जण उठून गेले. 'तरुण' म्हणजे एक काहीतरी वस्तू आहे असं मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, ते मागे घेतो.

निळी_शाई:

चौदात मुली किती?

गावकूस (धागाकर्ता):

शून्य.

ओसरी:

रात्री अकराला देवळाच्या मंडपात बोलावल्यावर किती येणार होत्या?

दप्तरी:

पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तरुणांची वेगळी टक्केवारी नाही. म्हणून मुलींचा विषय निघाला तर निधीची दारंही जास्त उघडतात, हे हिशेबी सांगतोय. शिवाय ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिचे ठराव ग्रामसभेपुढे येतात. ती वही मात्र कधी फिरवली गेली असेल ते देव जाणे.

काडीपेटी:

काका, तुम्ही नोकरीत असताना आमच्या गावाला का नाही आलात?

दप्तरी:

आलोही असेन. तेव्हा मी असा नव्हतो.

आबा_६५:

मूळ प्रश्नाकडे येतो. माझे म्हणणे मी थोडे बदलतो, सगळे नाही. गटार-दिवा हेच काम, यावर मी ठाम आहे. पण कुणाच्या दारासमोरचा दिवा, हे ठरवायला घरातल्या तरण्या पोरीला आणि पायरीवरच्या माणसाला बोलावे लागेल, हे मी धरले नव्हते. उभे राहण्याबाबत मात्र माझे मत तेच. सरपंचाला मानधन सहा ते दहा हजार मिळते, गावाच्या लोकसंख्येप्रमाणे. त्यावर घर चालत नाही. ज्याचे घर चालत नाही त्याला ठेकेदार चालवतो. मुलाने आधी कमवावे.

ओसरी:

आबा, हे मात्र शंभर टक्के खरं. माझं घर शेतीवर चालायचं म्हणून मला वही तीन दिवस ठेवणं परवडलं.

अनुस्वार:

म्हणजे श्रीमंतांनीच उभं राहायचं, असा त्याचा दुसरा अर्थ निघतो. हे मला पटत नाही, पण उत्तरही नाही माझ्याकडे.

गावकूस (धागाकर्ता):

निळी_शाई आणि ओसरीताईंचं वाचून बहिणीला विचारलं. ती तालुक्याला बी.एस्सी. करते. म्हणाली, "तुमची अभ्यासिका न् मैदान राहू द्या. मला सातच्या एसटीने फाट्यावर उतरल्यावर गावापर्यंत दिवा नाही. नऊ खांब आहेत, बल्ब दोन. बाबा रोज घ्यायला येतात म्हणून मी शिकतेय. ज्यांचे बाबा येऊ शकत नाहीत त्या दोघींनी कॉलेज सोडलं." आम्ही एकाच घरात राहतो आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्या रस्त्याने मोटारसायकलवर जातो, हेडलाइट लावून.

रविवारी सकाळी दहाला शाळेत परत जमलो. या वेळी एकोणीस, त्यात सात मुली आणि एका मुलीची आजी, जी फक्त लक्ष ठेवायला आली होती आणि सगळ्यात जास्त बोलली. ठरलं असं : पहिला विषय फाट्यापर्यंतचे सात दिवे, दुसरा समाजमंदिराचं कुलूप, तिसरा व्यायाम साहित्याचा चौथरा. मैदान पुढच्या वर्षी. भरतीवाल्यांपैकी एक जण अजून बोलत नाही माझ्याशी.

अर्ज लिहिला, ३१ सह्या. घरोघर नाही फिरवला, शाळेतच ठेवला होता, ज्याला करायची त्याने येऊन केली. पोच मिळायला तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्यांदा शिक्का नव्हता, दुसऱ्यांदा साहेब नव्हते, तिसऱ्यांदा बहीण सोबत आली आणि ओसरीताईंसारखी बाकावर बसून राहिली. आवक क्रमांक पडलाय.

उभं राहायचं म्हणाल तर अजून ठरवलं नाही. तालुक्याला एका गोदामात हिशेबाचं काम मिळतंय, पुढच्या आठवड्यात रुजू होईन. सुट्टी फक्त रविवारी आणि सणाला.

तिसरा_मजला:

१५ ऑगस्टला सुट्टी असते, काळजी करू नकोस.

काडीपेटी:

सात दिव्यांखाली 'यांच्या संकल्पनेतून' म्हणून कुणाचं नाव लागणार, यावर पैज लावायला तयार आहे. आजींचं लावा.

निळी_शाई:

सभेत आजींना पुढच्या रांगेत बसवा. आणि पायऱ्यांपाशी कोण उभं राहतंय ते बघा.

गावकूस (धागाकर्ता):

बघतो. १५ ऑगस्ट, सकाळी दहा, झेंडावंदन झाल्यावर. पाऊस असला तर व्हरांड्यात गर्दी होईल, म्हणून शाळेतून चाळीस खुर्च्या जास्त मागितल्यात. सतरंज्या आम्हीच टाकणार आहोत, काडीपेटी, आधीच सांगून ठेवतो.